साठ घोडे जास्तीचे

१० जून
सकाळी डोरीनच्या हॉटेलात अंडी, बटाटे, कॉफी. पुन्हा व्हर्लिनच्या थोबाडाखाली.

काउंटीच्या जत्रेत ट्रकची गाडा-ओढ, म्हणजे वजनाचा गाडा सर्वांत लांब ओढायची शर्यत, जिंकणाऱ्याचा फोटो डोरीन वर्षभर भिंतीवर लावते. सहा वर्षं झाली. फोटो दरवर्षी नवा, थोबाड तेच. व्हर्लिन डायरिंगर, हातात करंडक, सगळे दात बाहेर. आणि खिळा नेमका माझ्या खुर्चीच्या वर. मॅक्सीन म्हणते, मग दुसऱ्या खुर्चीत बस की. बायकोला तत्त्व कळत नाही. खुर्ची माझी आहे. उठायचं तर त्याने उठावं.

गेल्या वर्षी हातभर अंतराने हरलो. माझ्या पाळीला माती भुसभुशीत होती. एल्डन पंच म्हणाला, मर्ल, माती सगळ्यांना तीच होती, तूच पाय दाबून चाकं जागच्या जागी गरगरवलीस. एल्डनला चष्म्याची गरज आहे.

निश्चय: यंदा त्या खिळ्यावर मर्ल शुमाकर.

११ जून
उपाय सापडला! इंजेक्टर. इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी सहा नळकांडी. मोठी घातली की फवारा मोठा, फवारा मोठा की ताकद मोठी. इतकं सोपं असताना लोक व्यायाम का करतात कळत नाही.

इंटरनेटवरचा एक दाढीवाला सांगतो, साठ हॉर्सपॉवर जास्तीची मिळते. साठ घोडे! आमच्या अख्ख्या रस्त्यावर मिळून साठ घोडे निघणार नाहीत. ऑर्डर देऊन टाकली. किंमत इथे लिहीत नाही, ही वही मॅक्सीनच्या हाती लागू शकते.

१२ जून
जत्रेचं नियमपत्रक वाचलं. आमच्या गटात ट्रक 'कारखान्यातून आला तसाच' हवा. नियम सात: इंजेक्टर बदलायचे नाहीत.

खूप विचार केला. हा नियम लबाडी करणाऱ्यांसाठी आहे. मी लबाडी करत नाहीये, मी सुधारणा करतोय. शिवाय दाढीवाला म्हणतो, मायलेजही सुधारतं. म्हणजे हा घरखर्चाचा प्रश्न झाला, जत्रेचा नाहीच. मन हलकं झालं.

दाढीवाल्याने एक इशारा मात्र दिलाय: इंधनाच्या यंत्रणेला इजा होऊ देऊ नका. पंप, नळ्या, गाळण्या, सगळं नाजूक असतं म्हणे. हे मी ठळक अक्षरांत लिहून ठेवतो. इजा होऊ द्यायची नाही.

१४ जून
डोरीनकडे इंजेक्टरांची गोष्ट फक्त दोघांना सांगितली, तीही अगदी विश्वासात. पोटात ठेवण्यासारखी गोष्ट नव्हती.

१६ जून
पेट्रोल पंपावरच्या पोराने विचारलं, काय काका, साठ घोडे आले का? या काउंटीत लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता सांगितलंच आहे तर नीट सांगावं, म्हणून बिल पाकिटातच ठेवलंय. विचारलं कोणी तर दाखवता येतं. नाही विचारलं तरी दाखवता येतं.

२० जून
खोकं आलं. काय देखणी वस्तू! बाळ बघायला यावं तसं मॅक्सीनला बोलावलं. तिने इंजेक्टरांकडे पाहिलंच नाही, खोक्यातला सूचनांचा कागद उचलला, चष्मा लावला आणि जेवणाच्या टेबलावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. मग म्हणाली, मर्ल, यात ओळीओळीला एकच गोष्ट लिहिलीय, स्वच्छता. धुळीचा कण आत गेला तर सगळं बोंबललं.

मॅक्सीनचं लहानपण तिच्या बापाच्या मळणीयंत्राखाली पाना हातात धरून गेलं. त्यामुळे तिला वाटतं, आपल्याला इंजिनातलं कळतं. मी शांतपणे समजावलं की मळणीयंत्र वेगळं, ट्रक वेगळा. ती म्हणाली, हो का? फक्त 'हो का?' एवढंच. तीस वर्षांच्या संसारात या दोन शब्दांनी माझी जेवढी झोप उडवली तेवढी कॉफीने नाही.

२२ जून
कामाला सुरुवात. जुने इंजेक्टर काढले. मॅक्सीन मागे मागे फिरत प्रत्येकाला चिकटपट्टी लावून त्यावर आकडे लिहीत होती. म्हटलं, अगं भंगार आहे ते. तरी स्वच्छ फडक्यात गुंडाळून कुठे घेऊन गेली देव जाणे. तिच्या हातून काही फेकलं जात नाही.

स्वच्छता: कोठारातली पालापाचोळा उडवायची मशीन आणली आणि इंजिनावर जोरदार वारा मारला. भरपूर धूळ उडाली. म्हणजे भरपूर धूळ होती. काही वेळाने ती परत बसली, पण ती उडवलेली धूळ होती, तिच्यातला दम गेलेला असतो.

उघड्या नळ्यांची तोंडं बंद ठेवा असं कागदात आहे. त्यासाठीची टोपणं मागवायची राहिली. गवत कापताना कानात घालतो ते फोमचे बोळे घातले. फिट्ट बसले. दाढीवाल्याला कळवायला हवं.

२३ जून
नवे बसले! नट किती जोराने आवळायचे ते मोजणारा खास पाना साडूकडे आहे, रस्टीकडे. नेलेली वस्तू रस्टी परत देत नाही. पण माझ्या मनगटाला कळतं. पुरे म्हटलं की मनगट थांबतं.

कानातला एक बोळा कमी भरतोय. मोजण्यात चूक झाली असणार.

२४ जून
बराच वेळ चावी फिरवल्यावर ट्रक सुरू झाला. आधी एक खोकला, मग एक हादरा, मग पांढरा धूर. ढगच! कुत्रा मक्याच्या शेतात पळाला तो जेवायला आला.

मॅक्सीन म्हणाली, असा आवाज माझ्या बाबांच्या यंत्राने एकदाच केला होता, त्यानंतर ते यंत्र विकलं. जुन्या माणसांत धीर कमी होता.

२८ जून
ट्रक थरथरतो. अंगात ताकद मावत नसली की असं होतं.

इंजिन खट्‌खट् वाजतं. ताकदीचा आवाज.

तेल मोजायची पट्टी इंजिनातून काढून पाहिली. पातळी वाढलीय! लोकांच्या इंजिनातलं तेल कमी होतं, माझं वाढतंय. वासही डिझेलचा येतो. दाढीवाल्याने हा फायदा सांगितलाच नव्हता.

मॅक्सीनला मुद्दाम पट्टी दाखवली. तिने वास घेतला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं आता रडते. म्हणाली, मर्ल, डिझेल गळून तेलात उतरतंय रे, इंजिन घालवशील तू. म्हटलं, बघू.

४ जुलै, संध्याकाळ
स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक. दरवर्षीप्रमाणे गोधडी मंडळाचा रथ ओढायचा मान माझ्या ट्रकला. रथावर मॅक्सीन आणि तिच्या मैत्रिणी, मध्ये मंडळाने वर्षभर खपून शिवलेली पांढरी गोधडी. मागे शाळेचं बँडपथक.

बँकेसमोर गर्दी जास्त होती. जरा पाय दाबला. लोकांना ताकद दिसायला हवी.

धूर पांढराच येईल असं वाटलं होतं, काळा आला. बँडचा आवाज एकदम बंद झाला. धूर निवळला तेव्हा मोठा भोंगा वाजवणारा मुलगा फुटपाथवर बसला होता आणि गोधडी मंडळाच्या सगळ्या बायका एकसारख्या दिसत होत्या. गोधडीही.

व्हर्लिन खुर्ची टाकून कडेला बसलेला. ओरडून म्हणाला, मर्ल, लेका, काळा धूर म्हणजे पोप अजून ठरला नाही वाटतं? सगळे हसले. हसू देत. अंगण वाकडं म्हणणाऱ्यांना नाचून दाखवायचं असतं.

मॅक्सीन घरी येताच तडक बेसिनकडे गेली. तिने तोंड धुतलं तेव्हा बेसिन काळं झालं.

६ जुलै
 मॅक्सीनने आज फक्त एवढंच विचारलं की रस्टीबरोबर मासे धरायला कधी जाणार आहेस? म्हटलं, सतरा तारखेला, तीन-चार दिवस, एरी तलावावर. म्हणाली, जा जा, अवश्य जा. बायको समजूतदार असली की संसार सोपा होतो.

इंजेक्टरांना बसायला वेळ लागतो. नव्या बुटांसारखं.

२१ जुलै
परत आलो. मासे बेताचे. रस्टीच्या मते मी बोलत असल्यामुळे.

आणि चमत्कार! ट्रक एका चावीत सुरू. धूर नाही, खट्‌खट् नाही, थरथर नाही. शिवणयंत्रासारखा चालतोय. मी म्हणालो नव्हतो? बसले इंजेक्टर! लोक घाई करतात, मेकॅनिककडे पळतात. माझ्याकडे धीर आहे.

तेलाची पातळी बरोबर खुणेवर, आणि रंग मधासारखा. जास्तीचं तेल इंजिनाने पचवलं.

गॅरेजची फरशी धुतलेली दिसली. आवळण्याचा तो खास पाना भिंतीवर त्याच्या जागी. रस्टीने आणून दिला असणार. पण रस्टी तर माझ्याबरोबर होता. असो.

मॅक्सीनची नखं काळी आहेत. विचारलं तर म्हणाली, रानातल्या काळ्या बोरांचा जॅम केला. जॅम कुठाय विचारलं तर म्हणाली, वाटून टाकला. मला एक बाटली ठेवायला काय झालं होतं? हे मात्र मला लागलं.

२ ऑगस्ट
साठ घोडे स्पष्ट जाणवतात. पाठ सीटला चिकटते. मॅक्सीनला मुद्दाम चक्कर मारून आणली, विचारलं, जाणवतंय का? ती खिडकीबाहेर तोंड करून खोकत होती. बराच वेळ खोकत होती. बघायला हवं तिच्या छातीचं.

धूर नाही म्हणून डोरीनकडे काही जण शंका काढतात. त्यांना सांगितलं, अर्धवट जळलं की धूर येतो, माझं पूर्ण जळतं. हे माझं मीच शोधून काढलेलं आहे, पण खरं असणार.

एक चिंता आहे. इतकी ताकद पेलायची कशी? जोरात पाय दाबला तर मागच्या चाकांचा दांडाच तुटायचा. निश्चय: जत्रेत पाय अगदी हलका ठेवायचा. पायाखाली अंडं आहे असं समजायचं.

१५ ऑगस्ट
उद्या गाडा-ओढ. प्रवेशाच्या फॉर्मवर सही केली. 'माझा ट्रक कारखान्यातून आला तसाच आहे.' सही करताना हात अडखळला. पेन खराब होतं.

रात्री जेवताना मॅक्सीन म्हणाली, मर्ल, उद्या काय वाटेल ते होऊ दे, तू तोंड मिटून बस. एवढं माझ्यासाठी कर. म्हटलं, जिंकल्यावर दोन शब्द तरी? म्हणाली, अर्धा पण नको. मला वाटतं, गर्दीत नवऱ्याचं कौतुक झालं की तिला लाजल्यासारखं होतं.

१६ ऑगस्ट, दुपार
जिंकलो!!!

 क्रमाने लिहितो. व्हर्लिन माझ्या आधी. गाडा ओढताना जसं पुढे जावं तसं त्याच्यावरचं वजन ट्रकच्या पाठीवर चढत येतं, शेवटी भले भले नांगी टाकतात. व्हर्लिन चांगला गेला. मेला नेहमीच चांगला जातो.

मग मी. पायाखाली अंडं. ट्रक निघाला, चाकं एकदाही गरगरली नाहीत. वजन चढत होतं तरी ट्रक दमादमाने जातच राहिला. व्हर्लिनची खूण मागे पडली! त्याच्यापुढे ट्रकची लांबीभर! खाली उतरलो. मॅक्सीन कठड्यावरून वाकून ओरडत होती, मर्ल! मर्ल! तिचे डोळे भरले होते. माझेही, पण धुळीने.

डोरीनने फोटो काढला. करंडक अपेक्षेपेक्षा हलका आहे. काही हरकत नाही.

व्हर्लिन पंचाकडे जाताना दिसला. आक्षेप घेणार म्हणे. घेऊ दे. इतकं झाल्यावर मन मोठं असतं.

१६ ऑगस्ट, संध्याकाळ
जे झालं ते लिहितो. लिहिलं की कदाचित वेगळं दिसेल.

इथला रिवाज असा: हरलेल्याला शंका असली तर त्याने पैसे भरायचे, पंचांनी सगळ्यांसमोर विजेत्याचं इंजिन उघडायचं. लबाडी निघाली तर विजेता बाद. नाही निघाली तर आक्षेपाचे पैसे विजेत्याला. व्हर्लिनने पैसे भरले. म्हणाला, सगळ्या काउंटीला माहितीय याने मोठे इंजेक्टर घातलेत, यानेच बिल दाखवलंय.

 नियम सात मायलेजपेक्षा मोठा असू शकतो हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

एल्डन आणि दोन पंचांनी बॉनेट उघडलं. लोक कठड्याला लगडले. बराच वेळ खाटखूट. एक इंजेक्टर बाहेर काढला, पुसला, त्यावरचा आकडा वाचला, पुस्तकात पाहिला. दुसरा काढला. मग एल्डनने माइक घेतला आणि जाहीर केलं: मर्ल शुमाकरचा ट्रक कारखान्यातून आला तसाच आहे. इंजेक्टर मूळचे. आक्षेप फेटाळला.

टाळ्या. मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं, पण लगेच कुणीतरी हसलं. मग डोरीनच्या हॉटेलातलं सगळं टोळकं हसायला लागलं. रस्टी पोट धरून. कुणी ओरडलं, मर्ल, साठ घोडे कुठे चरायला सोडलेस? पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणाला, काकांनी बिल नुसतं छापून आणलं होतं! व्हर्लिनचं तर हसून तोंड लाल. दोन महिने फुशारक्या, आणि आत काय, तर मूळचंच!

मला ते सहन झालं नाही. ज्या माणसाने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या मनगटाने बसवले, त्याला थापाड्या म्हणायचं?

माइक घेतला. एल्डनने सोडायला जरा वेळ लावला, पण घेतला. म्हणालो, पंचांना इंजेक्टर ओळखता येत नाहीत! मोठेच आहेत ते! मीच घातलेत, जूनमध्ये! पाकिटातून बिल काढलं आणि उंच धरलं.

एल्डन म्हणाला, मर्ल, बाबा रे, विचार करून बोल. म्हणालो, केलाय. म्हणाला, एकदा घरी जाऊन करून येतोस का? मागून मॅक्सीन माझा शर्ट ओढत होती. गप बस, गप बस, मेल्या, गप बस! मला वाटलं, तिला लाज वाटतेय. म्हणालो, ही साक्षीला आहे, विचारा हिला.

मग एल्डनने चष्मा काढून पुसला आणि खाली बघत बोलला. इंजिन स्वच्छ आहे. पण तू फॉर्मवर सही केलीस की काही बदललं नाही, आणि आता माइकवर सांगतोस की बदललं. आमच्याकडे कबुलीच्या वर काही नाही रे.

बाद. करंडक व्हर्लिनला. डोरीनने पुन्हा फोटो काढला.

१७ ऑगस्ट
मॅक्सीनने सकाळी सगळं सांगितलं. मी मासे धरायला गेलो तेव्हा तिने आणि तिच्या बहिणीने नवे इंजेक्टर उतरवून जुने परत बसवले. रस्टीची बायकोच ती, पाना घेऊनच आली होती. प्रत्येक नळी धुतली. एका नळीत कानातला बोळा निघाला. जॅम कधी केलाच नव्हता.

खूप चिडायचं ठरवलं होतं. पण ती म्हणाली, तुझा ट्रक मरत होता मर्ल, आणि तू खुशीत होतास. तुझी खुशी कशी मोडू? म्हणून नुसता ट्रक दुरुस्त केला.

मग आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो. आणि मला हळूहळू कळलं. ट्रक जुनाच होता. साठ घोडे नव्हतेच. चाकं गरगरली नाहीत ती माझ्या पायामुळे. व्हर्लिनला मी हरवलं. मी, नुसता मीच. अगदी नियमाप्रमाणे. सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि मग माइक मागून घेऊन ते घालवलं.

मॅक्सीनला हे सांगितलं. ती म्हणाली, हो. यावेळी 'का' नव्हतं.

१८ ऑगस्ट
डोरीनकडे. गेलोच. नाही गेलो असतो तर जास्त हसले असते.

भिंतीवर व्हर्लिन, सातवं वर्ष. दात तेवढेच. मी खाली बसलो. मी केवळ पाय हलका ठेवून जिंकलो होतो, हे जवळ बसलेल्याला सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. सांगितलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं.

व्हर्लिन आला. माझ्याच टेबलाशी बसला. पीच भरून भाजलेल्या दोन गोड 'पाई' मागवल्या. खाता खाता म्हणाला, मर्ल, ट्रकच्या लांबीभर हरवलंस रे मला.  बोलण्याचं काम सध्या बंद आहे.

पाई चांगली होती. आक्षेपाचे पैसे त्याला परत मिळाले होते, त्यातून त्यानेच दिले.